प्रदर्शनात मांडलेला आवाज

प्रिय खटपटीबाई,

तुझा सत्कार टीव्हीवर पाहिला. साऱ्या गल्लीने पाहिला, कारण शेजारच्या काकूंनी दवंडी पिटल्यासारखं सगळ्यांना आमच्या खोलीत गोळा केलं होतं. तरुण संशोधक म्हणून तुला व्यासपीठावर बोलावलं तेव्हा मी रडले आणि काकू माझ्याहून जास्त रडल्या. तुझे केस मात्र विंचरलेले नव्हते. एवढ्या लोकांसमोर जाताना तरी कंगवा फिरवायचास गं.

विज्ञान सोपं करून सांगण्याबद्दल ज्यांना पुरस्कार मिळाला, ते गृहस्थ तुझ्यानंतर फार छान बोलले. काचेच्या पेटीतलं तुझं यंत्र दाखवून म्हणाले, "या यंत्राने एका मुक्या झालेल्या बापाला त्याचा आवाज परत दिला." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे एकटक बघत होते आणि त्यांचा गाल सारखा उडत होता. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, आणि यंत्र तिकडे टाळ्या घेत होतं.

फोनवर तू विचारतेस, मागे ठेवलेलं दुसरं यंत्र नीट चालतंय ना, आणि मी हो म्हणते. फोन त्यांच्या खाटेपाशी असतो आणि आजाराने त्यांचं सगळं नेलं तरी कान तिखटच ठेवलेत, म्हणून हो म्हणते. नाही चालत गं. तू वर्षभर त्यांच्या उशाशी बसून पहिल्या यंत्राला त्यांच्या गालाची थरथर न् थरथर शिकवलीस. या नव्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पडद्यावर अक्षरं सरकतात, ते हव्या त्या अक्षरावर गाल उडवतात, आणि हे भलतंच काहीतरी बरळतं. सुरुवातीला मला हसू यायचं, त्यांच्याही डोळ्यांत यायचं. आता मी ते बंद करून कपाटावर ठेवलंय.

परीक्षकांनी तपासलेलं मूळ यंत्रच मांडायचं हा तिथला नियम, हे मला ठाऊक आहे. तू तर न्यायलाच तयार नव्हतीस. बाबांनीच त्यातून 'घेऊन जा' म्हटलं आणि वर 'पुढे सरका' असंही जोडलं. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, लेकीला निरोप देतानाही त्यांना तेच सुचलं. सोहळा आटोपला की तू परत येशील असं आपण धरून चाललो होतो. आता ते प्रदर्शन शहरोशहरी फिरतंय आणि तू त्याच्याबरोबर.

इथे मी वर्णमाला म्हणत बसते आणि त्यांच्या गालाकडे बघते. एक शब्द जुळायच्या आत ते थकून जातात. मग मी अंदाज बांधते. पाणी हवंय का, कूस बदलू का, पंखा बंद करू का. दर वेळी डोळे मिटतात, म्हणजे नाही. तुला बोलावून घेऊ का असं विचारलं, तर इतके घट्ट मिटले की कडांतून पाणी आलं. तुझ्या आनंदात त्यांना बिब्बा घालायचा नाहीये. मलाही नव्हता घालायचा.

पण काल डॉक्टर मला दाराबाहेर घेऊन गेले. आता गालही चाललाय म्हणाले, फार तर थोडे दिवस. तो थांबला की तुझं यंत्र उशाशी आणून ठेवलं तरी त्याला ऐकायला काही उरणार नाही. म्हणून बाबांना न सांगता हे लिहितेय आणि त्यांच्या बसवरच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवतेय. वाचून होईपर्यंत ते गाडीत थांबतील. आयोजकांना विचार, त्यांच्या हातापाया पड, पुरस्कार परत मागितला तर देऊन टाक. बाबांना काहीतरी सांगायचंय गं. त्यांच्याबरोबर आख्खा संसार केला आणि मला ते कळत नाहीये. काच फोडावी लागली तर फोड, पण यंत्र घेऊन आजच्या आज नीघ.

तुझीच,
दाराकडे डोळे लावून बसलेली
आई