चालणाऱ्यांची पट्टी

कार्तिक शुद्ध ३, शके १७८६

रस्ता पुरा झाला! बार्शीटाकळीपासून थेट अकोल्याच्या वाटेपर्यंत, सुतासारखा सरळ — आणि त्यावरून माणूस चालेना! कापसाच्या गाड्या धडधडत जातात. वेचणीला निघालेल्या बाया मात्र खाली उतरून सूर्यभान पाटलाच्या कपाशीच्या पऱ्हाटीतून वाट काढतात. सगळ्यांच्या पुढे म्हातारी पार्वताबाई. हटकलं तर म्हणाली, "पंत, मुरूम टोचून राह्यला. आमच्या पायाले काय नाल ठोकले हायेत?"

हा रस्ता आखत, बांधून घेत चार महिने मी जोडे घालून हिंडलो. इथली निम्मी माणसं अनवाणी चालतात, हे एकदाही डोक्यात आलं नाही. गाढव मी!

शुद्ध ४

सूर्यभान भांडून गेला. पऱ्हाटी तुडवली जाते म्हणे. "पुनवेले बांधावर बाभळीच्या काट्या टाकतो. मंग कोनाच्या पायात घुसल्या त मले सांगू नोका!"

दुपारी कुंदाचं पत्र, भावाच्या हातचं. अमरावतीची बदली कधी? तिथे बिऱ्हाड करता येईल म्हणून आठ महिने माहेरी बसवून ठेवलं आहे तिला. साहेब खूश झाला की होईल. पण साहेब खूश कधी होणार?

शुद्ध ६

स्वतःच्या डोक्यानं एक केलं. सूर्यभानच्या शेतापुरती, रस्त्याच्या कडेनं चार हातांची वेगळी पट्टी आखली, नुसत्या पायांसाठी. हाताशी होती ती काळी माती टाकून घेतली. पार्वताबाईनं एकदाच पाय ठेवून पाहिला आणि हसली. वाळली की ढेकळं टोचतात, भिजली की पाय सोडत नाही!

शुद्ध ७

जेवण गेलं नाही. पुनव आठ दिवसांवर.

शुद्ध ८

आमचा मुकादम नत्थुजी म्हणाला, "पांढरी टाका ना, पंत." नाल्यापलीकडे जुनं ओसाड गाव आहे. पडक्या घरांच्या भिंतींची टेकाडं झाली आहेत. तीच ही पांढरी माती, पिठासारखी मऊ, चिकटत नाही. लोक घरांच्या धाब्यांवर टाकायला नेतातच. लगेच पंधरा गाड्या जोडल्या.

शुद्ध १२

झाली! आज बाया पट्टीवरून गप्पा मारत गेल्या. एकही पऱ्हाटीत शिरली नाही. सूर्यभानसुद्धा बांधावर उभा राहून हसत होता. मी उगाच तीनदा या टोकापासून त्या टोकाला गेलो.

पण पार्वताबाई नाही. ती नाल्यानं वळसा घालून गेली म्हणे, कोसभर लांब. एवढं जिच्यासाठी केलं तिचीच ही मिजास!

शुद्ध १३

नत्थुजीला विचारलं. तो म्हणाला, "थे गाव तिचंच होतं, पंत. पटकीनं गेलं सारं. दोन लेकी होत्या, तान्ह्या. घरामागंच पुरल्या."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठी? पंधरा गाड्या जोडा म्हनलं, आमी जोडल्या."

मी कुठल्या टेकाडाची माती कुठे टाकली, काही सांगता येत नाही. आता उकरून तरी काय उकरू? दिवसभर हात धूत राहिलो.

शुद्ध १४

साहेबाचा हुकूम. गाड्यांची गर्दी फार, पट्टीवर मुरूम दाबून ती गाडीरस्त्यात घ्या. काम संपताच अमरावतीस रुजू व्हा.

अमरावती! खरं लिहितो — मला सुटल्यासारखं वाटलं. ती पट्टी डोळ्यांसमोर नको झाली आहे. बायांचं काय, असं मनात आलं. पण हुकूम माझा नाही.

पौर्णिमा

मुरुमाच्या गाड्या आल्या. पहिली रिकामी करायच्या आत पार्वताबाई पट्टीवर येऊन बसली, पाय पसरून. मी म्हणालो, "मावशी, चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं."

"ठाव असतं त काय केलं असतं?" ती म्हणाली.

मग म्हणाली, "मी याच्यावरून जात नोती. पोरीवर पाय कसा देऊ, असं वाटे. पन लेकराले न्हाऊ घालाले माय पायावरच घेते ना? बाया जातीन त जाऊ द्या. मीबी जाईन. चाक नोको, पंत. चाक नोको घालू माह्या पोरीइवर."

गाडीवाले बैल धरून उभे होते. पट्टी जाणार म्हणून सूर्यभाननं बांधावर आणलेल्या काट्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे बघत राहिला. सगळेच बघत होते. मला रडू आलं, सगळ्यांदेखत!

वद्य १

मुरूम परत पाठवला. साहेबाला लिहून दिलं: पट्टीवर गाडी चढणार नाही, हा माझा निर्णय. अमरावती गेली. नोकरीही जाईल. कुंदाला अजून कळवलेलं नाही.