विहिरीचं घर

१९ जानेवारी १९५८, रविवार. अकोला

चोर लेकाचे! भर बाजारात, दिवसाढवळ्या!

पाटी-पेन्सिलीच्या दुकानापुढं दोरीले टांगून होता. माझा खेळ! 'कपाशीची बंडी'. दर्यापुरातून कापसानं भरलेली बैलबंडी निघते, कवड्या टाकत शंभर घरं ओलांडते अन् अकोल्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, पोचते. पटावर बंडी म्हणजे सरकीचा दाणा. कणा मोडला तर दोन घरं मागं, पूर्णेले पूर आला तर थांबा. सारं तेच! डाव्या बैलाचं मोडकं शिंगही तेच — माझ्या बापाच्या ढवळ्याचं शिंग ते! फक्त कोपऱ्यातलं 'देवमन पेंटर, जठारपेठ' गायब. अन् भाव माझ्या निम्मा.

दुकानदार म्हणे, "अमरावतीचा माल हाय. तुमचा लय महाग पडते बावा."

अमरावतीचा! मी तरी कुठं छापला होता? तिथंच!

२० जानेवारी

मी विकत आणलेला नकली पट बायकोनं, ललितानं, उलटून-पालटून पाहिला. चाकं काळीच. आमच्या पटावरचं एक एक चाक तिनं हातानं लाल केलं होतं. दिवाळीतही तिच्या नखातला रंग निघाला नव्हता. म्हणते, "आता खाटेखालचे गठ्ठे कोन घेईन जी?"

या खेळापायी मी सिनेमाच्या पाट्या रंगवायचं काम सोडलं. टॉकीजच्या मालकाले तोंड वर करून सांगून आलो — आता दुसऱ्याची चित्रं नाही काढत! आता कोणत्या तोंडानं जाऊ?

२१ जानेवारी

जेवलो नाही. ललितावर उगाच ओरडलो.

२३ जानेवारी. अमरावती

माझा पट छापला होता त्या वामनरावाच्या छापखान्यात गेलो. मी नाही छापला, असं त्यानं म्हणलं असतं तरी बरं वाटलं असतं. सरळ कबूल केलं, वरून चहा मागवला!

चूक माझीच. दगडावर चित्र काढून छापतात तिथं एक रीत आहे. काम झालं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं दगड वाळूनं घासतात, चित्र पुसून टाकतात. कारागीर वाळू घेऊन उभाही होता. मीच म्हणलं, राहू द्या, दुसऱ्या खेपेले लागल. मोठा शहाणा मी!

वामनराव म्हणे, "दगड माझा. पुसू नका, हे तुमीच म्हनलं. मंग पडून होता, छापला."

माझं नाव दगडावरून खरवडून काढलं. अन् आणखी एक घर खरवडलं, रागात मी ते पाहिलंच नव्हतं. विहिरीचं!

मी लिहिलं होतं — 'विहीर. पाणी प्या, आणखी एक डाव घ्या.' यानं केलं — 'विहीर. परत फिरा, दर्यापूर.'

"काहून?" मी विचारलं.

"तुमच्या लोकायनं विहिरीवर पानी प्यावं, हे पाहून गिऱ्हाईक नाक मुरडते. धंदा हाय बाप्पा, समजून घ्या."

समजून घ्या! माझी माय, जाईबाई, दर्यापुरात त्या विहिरीपासून दहा हात दूर घडा घेऊन उभी राहायची. कोणी वरून पाणी ओतलं तर ओतलं, नाहीतर रिकामा घडा घेऊन वापस. आता आमी बौद्ध झालो, मान वर केली, अन् हा माणूस माझ्याच कागदावर मले परत फिरवते! पहिला पट मी मायलेच देला होता. तिले वाचता येत नाही. तिचं बोट धरून एकच घर समजावलं होतं — हेच.

चहा तसाच ठेवून उठलो. गळा धरला नाही त्याचा, इतकंच.

२६ जानेवारी

महादेवराव वकिलांकडं गेलो. "कागद हाय काही? करार? साक्षीदार?" काही नाही. "मंग वर्षं जातील, देवमन. इतकी ताकद हाय काय तुह्यात?" बाहेर झेंडावंदनाचा बँड वाजून राहिला होता. डोकं उठलं.

२ फेब्रुवारी

आज आणखी दोन दुकानांत तोच चोरीचा पट! एका जागी तर दुकानदार तो मलेच विकायले लागला.

८ फेब्रुवारी

ठरलं. सारे गठ्ठे रद्दीत! शेंगावाला पुड्या बांधायले घेतो म्हणते. परवा सकाळी न्यायले येते. ललितानं आतून सुतळी आणून देली, मी करकचून बांधले. उद्या मायले भेटून येतो. मग टॉकीजच्या मालकाचे पाय धरायचे.

९ फेब्रुवारी. दर्यापूर

मायच्या अंगणात पोट्टे तोच चोरीचा पट मांडून बसलेले. शेजारच्या तानुबाईच्या नातीनं बाजारातून आणला म्हणे. फाडायलेच वाकलो होतो. तेवढ्यात त्या पोट्टीचा दाणा विहिरीवर आला. तिनं मोठ्यानं वाचलं, "परत फिरा." अन् खुशाल कवड्या उचलल्या!

मी म्हणलं, "काहून वं? परत जा की. लिहिलं हाय ना."

"चुकीचं छापलं जी त्याइनं. विहिरीवरून कोनी वापस नाही जात. जाईआजीनं सांगतलं. खेळ तिनंच काढला."

माय दारात तुरी पाखडत होती. माझ्याकडं पाहिलं, पुन्हा सूप हलवू लागली. खाली बसलो, माझाही दाणा मांडला. हरलो.

शेवटची मोटार गाठतो. शेंगावाला यायच्या आत सुतळी सोडायची आहे.