कंबरेची गोळी मी नेली आहे

वर्षा बेटा,

तुझी सासू गेली त्या दिवशी डॉक्टरीणबाईनं मले समजावलं, "बाबा, जुलाबानं अंगातलं पाणी गेलं की किडनीकडे रक्त कमी जाते. किडनी आपली नस रुंद करून तरीही गाळत राह्यते. यांनी त्यात गुडघ्याची गोळी घेतली. तिनं ती नस आवळली, गाळणं थांबलं, लघवी बंद झाली."

कालपासून तुलेही जुलाब आहेत, म्हणून तुझी कंबरेची गोळी मी खिशात घालून नेली; तीही तसलीच, दुखणं मारणारी. शोधू नको. नवऱ्याजवळ माझी तक्रार खुशाल कर. उशाशी साखर-मिठाचं पाणी आहे, ते घोटघोट पी. तुझा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. मुकुटबनहून ऑटो घेऊन येतो, मग दवाखान्यात जाऊ.

सकाळपासून लघवी झाली का, हे सासऱ्यानं सुनेले कसं विचारावं? तुझ्या सासूलेही कोणी विचारलं नव्हतं. तुले विचारायचं अजून राहिलंच आहे.