पिवळ्या शिडीची डिव्हिजन

रविवार, १६ एप्रिल १९४४. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. तळावर, आमच्या पत्र्याच्या झोपडीबाहेर, उलट्या बादलीवर बसून, अनवाणी. (बूट उन्हात वाळत ठेवले आहेत. ते का भिजले हे पुढे येईल.)

ती. हेस्टर आत्यास एनॉखचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहिण्यापुरतं समजू नकोस. इथे तो रोज सकाळी चिखलात घालावा लागतो आणि तेव्हा ‘डोकं खाली, बूड खाली’ असं ओरडणं हे माझंच काम आहे. ‘बूड’ या शब्दाबद्दल क्षमा असावी; फौजेतला मूळ शब्द याहून वाईट आहे.) तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या का? माझी प्रकृती ठीक आहे. आईची तू नेहमीच काळजी घेतेस, तशी पुढेही घेशील याची खात्री आहे.

तुझं पत्र पोचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चॅपेलच्या दारात, रविवारच्या प्रार्थनेला आलेल्या सगळ्यांदेखत, बिकरडाइक लोखंडवाले तुला म्हणाले, ‘‘हेस्टरबाई, भाचा राखीव डिव्हिजनमध्ये ना तुमचा? म्हणजे दुकान बंद करताना फळीवर जो माल उरतो, तो!’’ आणि तेव्हापासून तू चॅपेलला मागच्या दाराने जातेस. आत्या, पुढच्या रविवारी तू पुढच्या दाराने जा. सोबत आमच्या डिव्हिजनचं बाहीवरचं चिन्ह पाठवतो आहे. काळ्या चौकोनावर पिवळी शिडी. ते त्यांच्या नाकासमोर धर आणि मी खाली लिहितो ते शब्दाला शब्द सांग.

मी सहकारी दुकानात चार वर्षं साखर तोलली हे खरं, आणि शाळा चौदाव्या वर्षी सुटली हेही खरं, पण एवढं मला कळतं की दुकानाच्या फळीवरचा माल आकाशातून पडत नाही, तो गोदामातून येतो. आमच्या डिव्हिजनला जनरलसाहेब आहेत, जनरलसाहेबांच्या हाताखाली ब्रिगेड, ब्रिगेडींत पलटणी, पलटणींत कंपन्या. कागदावर सगळं लढाऊ डिव्हिजनसारखंच. फरक इतकाच की ती डिव्हिजन माणसं घेऊन लढाईला जाते आणि आमची माणसं तयार करून देऊन टाकते. पोरं आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना चालता येतं आणि गोळी झाडता येते. उघड्यावर झोपणं, ओल्यात शेकोटी पेटवणं, नदी ओलांडणं आणि शेजारच्याला मागे न टाकणं हे आम्ही पाच आठवड्यांत शिकवतो. आल्या दिवशी शिंपी त्यांच्या बाहीवर शिडी शिवतो आणि जायच्या दिवशी उसवतो, कारण पुढे ज्या पलटणीत माणूस कमी पडेल तिचं चिन्ह तिथे लागायचं असतं. (शिंपी म्हणतो, शिवण्यापेक्षा उसवतानाच बोटं जास्त दुखतात.) म्हणजे बघ, लढाईवर असतात ती आमचीच माणसं, फक्त बाहीवर आम्ही नसतो.

आता या व्यवस्थेत एक गोम आहे, ती मात्र बिकरडाइकांना सांगू नकोस. आमच्याकडे जो पास होतो तो जातो आणि जो नापास होतो तो आणखी पाच आठवडे राहतो. त्यामुळे आमच्या कंपनीचे सार्जंट मेजर रॅथबोन यांना, नवी खेप आली की, नापास होण्याजोगी गुणी माणसं शोधायची सवय लागली आहे. आमचा न्हावी तीनदा नापास झाला आहे. एवढी सुरेख हजामत तुला लिव्हरपूलमध्येही मिळणार नाही. पियानोवाला दोनदा झाला. (त्याला दिशा खरोखरच कळत नाहीत, त्याच्यावर अन्याय नाही.) आणि या खेपेत आला अॅम्ब्रोज टिंडल, व्हिटबीचा पाववाला. आमचा स्वयंपाकी आजारी पडला म्हणून याला एक दिवस चुलीपाशी उभा केला, तर त्याने त्याच सरकारी पिठाची आणि त्याच पावडरच्या अंड्याची कांद्याचं सारण भरून भाजलेली पाई केली. सार्जंट मेजरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. आम्हाला वाटलं, गेले. डोळे उघडून ते मला एवढंच म्हणाले, ‘‘टॅटरसॉल, हा पोरगा नापास झाला पाहिजे.’’

मी टिंडलच्या तुकडीचा शिकवणारा. टिंडलला हे कुठून तरी कळलं आणि तो माझ्याकडे आला. ‘‘कॉर्पोरल, माझी पाच दोस्त मंडळी पुढे जाणार आणि मी इथे कणीक मळत बसू? त्यांना बूट कोरडे ठेवायची अक्कल नाही हो. मी नसलो तर पहिल्याच आठवड्यात पाय सडतील त्यांचे.’’ मी म्हटलं, बघू. आत्या, ‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाचा मला नेहमी राग येतो, पण सार्जंट मेजरांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते हे तुला ठाऊकच आहे. शिवाय पाई मीही खाल्ली होती.

काल शेवटची परीक्षा होती. ओढ्यापलीकडची जुनी गिरणी सार्जंट मेजर आणि चार जण ‘शत्रू’ होऊन धरून बसणार, आणि नऊच्या आत जो तिथे पोचणार नाही तो नापास. मला हुकूम असा की बाकीच्या पाच जणांना पुलावरून धाडायचं आणि टिंडलला एकट्याला टेहळणीच्या नावाखाली दलदलीतून. दलदलीतून मेंढ्यासुद्धा जात नाहीत. तो अडकेल, वैतागेल आणि परत येईल. ना कुणाला इजा, ना कुणावर बोट. मी त्याला नकाशावर वाट दाखवली. त्याने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, सलाम केला आणि गेला. आणि मग विचार आला, हा बुडाला तर? (मेंढपाळाची गाय बुडाली होती असं ऐकलं आहे, निदान शिंगांपर्यंत.) म्हणून मी त्याच्यामागे धावलो आणि तिसाव्या पावलाला स्वतःच कमरेपर्यंत रुतलो.

हाक मारायची लाज वाटली, म्हणून मी खोकलो. टिंडल वळला. त्याच्याकडे मेंढवाड्यातल्या दोन ताट्या होत्या. एक पुढे टाकायची, तिच्यावर चढायचं, मागची उचलून पुढे टाकायची. ही युक्ती मंगळवारी मीच फळ्यावर काढून शिकवली होती आणि तेव्हा तो झोपला आहे असं मला वाटलं होतं. तो तसाच ताट्या टाकत मागे आला, बंदुकीचा पट्टा माझ्याकडे फेकला आणि म्हणाला, ‘‘धरा, कॉर्पोरल. शेजारच्याला मागे टाकायचं नाही असं कोणीतरी शिकवलंय आम्हाला.’’ मी म्हटलं, ‘‘वेळ जाईल तुझा, तू पुढे जा.’’ तो म्हणाला, ‘‘बोलताना तोंड उघडं ठेवू नका, चिखल जाईल.’’

मग आम्ही दोघं दोन ताट्यांवर, एकमेकांना धरून, गिरणीच्या मागच्या बाजूला निघालो. त्या बाजूला पहारा नव्हता, कारण तिकडून कोणी येत नसतं. आत सार्जंट मेजर पिंपावर बसून न्याहारी करत होते. मांडीवर टिंडलनेच आदल्या दिवशी भाजलेली पाई. टिंडलने खिडकीतून बंदूक आत घातली आणि अगदी अदबीने म्हणाला, ‘‘हात वर, साहेब. पण आधी पाई खाली ठेवा, सांडेल.’’ परीक्षेवर देखरेख करणारे, दंडावर पांढरी पट्टी बांधलेले पंचसाहेब घड्याळाकडे पाहून म्हणाले, नऊला अकरा मिनिटं कमी, गिरणी सर झाली. पुलावरचे पाच जण नंतर, पण नऊच्या आत, आले आणि त्यांनी जो आरडाओरडा केला तो तुला घरी ऐकू आला असेल.

सार्जंट मेजरांनी मला बाजूला घेतलं. ‘‘टॅटरसॉल, एवढं चांगलं शिकवायला तुला कोणी सांगितलं होतं?’’ माझी जीभ टाळूला चिकटली होती, पण कशी कोण जाणे सुटली. मी म्हटलं, ‘‘तुम्हीच, साहेब. मी नवा होतो तेव्हा.’’ उरलेली पाई त्यांनी दोन भागांत मोडली आणि मोठा भाग मला दिला. टिंडल पास. पाचही जण पास. बिकरडाइकांना म्हणावं, हा आमचा उरलेला माल.

सर्वांना नमस्कार. गुडघ्याला थंड पाणी लावू नकोस.

तुझा भाचा,
एनॉख

ता. क. टिंडलने पाईची कृती नव्या स्वयंपाक्याला लिहून दिली आहे. आज जेवणात ती होती. न्हाव्याने पास होण्याचा अर्ज केला आहे.

ता. क. २. या तुकडीबरोबर एक कॉर्पोरल जायचा आहे. सार्जंट मेजरांनी आज सकाळी विचारलं, कोण? माझा हात वर गेला. ते म्हणाले, ‘‘खाली घे, टॅटरसॉल, तू इथे कामाचा आहेस.’’ मी घेतला नाही. मी कितीतरी पोरांना नदी ओलांडायला शिकवलं, आत्या, पण खरी नदी मी पाहिलेली नाही, आणि ही सहा जणं मला मागे टाकणार नाहीत एवढं आता मला माहीत आहे. तेव्हा सोबतचं चिन्ह कोठारातलं नाही. माझ्या बाहीवरचं आहे, दुपारी शिंप्याने उसवलं. बिकरडाइकांना दाखवून झालं की आईला दे, आणि हे सगळं तूच तिला सांग. मी तीनदा लिहायला बसलो, तीनदा पहिल्या ओळीवर थांबलो. आधी चहा दे, मग सांग.

ता. क. ३. हिशेब: तिकीट अडीच पेनी, बुटांच्या नाड्या चार पेनी, शिंप्याला काही नाही (घेईना). देणं: नाताळात तुझ्याकडून घेतलेले पाच शिलिंग. पैसे खिशात आहेत, पाठवता आले असते. मुद्दाम ठेवले आहेत. स्वतः येऊन देईन.