उरलेले सहा हजार

११ मे २०२५

साबणवाल्या कंपनीने डिव्हिडंड वाढवला! शेअरमागे दोन रुपये जास्त. स्वयंपाकघरात एकटीच नाचले. अम्मींनी बाहेरून विचारलं, काय झालं गो? म्हटलं, काही नाही, दूध उतू जाता जाता राहिलं. सासूला शेअर समजावत बसले तर दुपारचं जेवण संध्याकाळी होईल.

मी कंपन्यांना त्यांच्या खऱ्या नावांनी हाक मारतच नाही. साबणवाली, औषधवाली, टायरवाली. आणि माझी लाडकी, रंगवाली. होड्या-बोटींना लावायचा रंग करते. मिरकरवाडा बंदरात माझ्या भावाच्या, अरशदच्या बोटीला तोच रंग असतो, खाऱ्या पाण्यात टिकतो, म्हणून मी शेअर घेतला. अरशद हसला होता. हसू दे. तो अजून शेअर म्हणजे जुगार समजतो.

व्याज घ्यायचं नाही, म्हणून एफडी नाही. बँकांचे, दारू-सिगारेटवाल्यांचे शेअर नाहीत. कर्जात बुडालेली कंपनी नाही. एवढं सगळं वगळल्यावर जे उरतं त्यातून निवडायचं. नफ्यातला आपला वाटा घ्यायचा. कंपनीला थोडंफार व्याज मिळतंच, त्याच्या अंदाजाने थोडे पैसे काढून गरजूला देऊन टाकते. मग जिवाला बरं वाटतं.

१४ मे

आज पुन्हा हिशोब मांडला. चाळाच लागलाय.

घराला महिन्याला तीस हजार लागतात. अम्मींची औषधं, लेकीची, झाराची शाळा, सगळं धरून. माझ्या शिकवण्यांचे दहा. अकरावी-बारावीच्या पोरांचा ताळेबंद जुळत नाही तोवर माझी चूल पेटत राहणार. डिव्हिडंडचे वर्षाचे सगळे पैसे बाराने भागले तर महिन्याला चौदा. झाले चोवीस. उरले सहा हजार.

फक्त सहा! बारा वर्षांपूर्वी पहिला डिव्हिडंड आला तो त्रेसष्ट रुपयांचा. त्याचे बांगडे आणले होते आणि कोणाला सांगितलं नव्हतं की हे कुठल्या पैशांचे. आता नवऱ्याच्या ओमानच्या पगारातून वाचतील ते आणि हे आलेले पैसे शेअरमध्येच घालत राहिले, कंपन्याही दरवर्षी थोडं थोडं वाढवत राहिल्या, तर दोन वर्षांत सहा हजार भरून निघतील. मग नासिरला सांगेन, या. आता घरी या.

१८ मे

नासिरला वाटतं हे सगळं झाराच्या कॉलेजसाठी चाललंय. वाटू दे.

पंधरा वर्षं झाली ओमानला. सोहार बंदरात क्रेन चालवतात. वर्षातून एक महिना घरी. तो महिना म्हणजे पाहुण्याची सरबराई. चांगल्या बशा काढायच्या, चांगली चादर घालायची, आणि सवय होते तोवर बॅग भरायची. एकदा निघताना मी म्हटलं होतं, नका जाऊ. त्यांनी विचारलं, मग घर कसं चालायचं? मला उत्तर देता आलं नाही. अकाउंट्स शिकवणारी बाई, आणि उत्तर नाही! तेव्हाच ठरवलं. आता बोलवीन तर आकडा हातात घेऊन. नुसतं रडून नाही.

आणि शेजारचा उमेर डोळ्यांसमोर आहेच. दोह्याहून कायमचा म्हणून परत आला. कोंबड्यांचं दुकान टाकलं. दीड वर्षात कोंबड्याही गेल्या आणि तोही गेला, पुन्हा दोह्याला. तसं व्हायला नको. घर आपोआप चाललं पाहिजे, म्हणजे आलेल्या माणसाला परत जावं लागणार नाही.

२८ मे

रंगवालीने घात केला.

या वर्षी डिव्हिडंड नाही. पुढच्या वर्षीही नाही. नवीन कारखाना बांधतायत म्हणे, सगळा नफा तिकडे. माझ्या चौदातले चार हजार एकट्या रंगवालीचे होते.

सानिकाकडे गेले. कॉलेजपासूनची मैत्रीण, मारुती मंदिराजवळ शेअर ब्रोकरच्या ऑफिसात असते. तिने आधी पाणी दिलं, मग झापलं. एकाच कंपनीत एवढे कशाला घालायचे, तुला दहादा सांगितलं होतं. खरंच सांगितलं होतं. पण भावाच्या बोटीवरचा रंग रोज दिसतो ना, म्हणून ती आपली वाटली. आता विकून दुसरीकडे घालावेत तर भाव कोसळलाय. तोट्यात विकायचे आणि वर हसं करून घ्यायचं.

म्हणजे उरले दहा हजार. दोन वर्षांची पाच झाली.

२९ मे

जेवण खारट झालं. अम्मी दही कालवून जेवल्या.

७ जून

बकरी ईद. सकाळीच नासिरचा व्हिडिओ कॉल. तिकडे ईद कालच झाली, तरी नवीन सदरा घालून खोलीत एकटेच बसले होते, मागे कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे. दाढीत बरंच पांढरं दिसलं. मागच्या खेपेला एवढं नव्हतं.

झाराने आपल्या नव्या ड्रेसचं चारही बाजूंनी प्रदर्शन केलं. अम्मींनी दुआ दिल्या. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, सप्टेंबरात करार संपतोय, कंपनी आणखी तीन वर्षांसाठी वाढवून देतेय, पगारही थोडा जास्त. 

मी म्हटलं, बरं.

बरं! एवढंच सुचलं! दिवसभर स्वतःला शिव्या घालतेय. पण दुसरं काय म्हणणार? दहा हजार कमी आहेत हो, थांबा जरा, कारखाना बांधून होऊ दे?

१९ जून

सानिकाने नवीनच सांगितलं. कंपनीची वार्षिक सभा आता घरबसल्या व्हिडिओवर असते, आणि कुठलाही भागधारक त्यात बोलू शकतो. एक शेअर असला तरी! आधी ईमेल करून नाव नोंदवायचं, बस्स. तिने गंमत म्हणून सांगितलं. म्हणाली, लोक चेअरमनची स्तुती करतात आणि दिवाळीची मिठाई मागतात.

मला मिठाई नको. मी बोलणार.

१० ऑगस्ट

रंगवालीच्या सभेला नाव नोंदवलं. दोन मिनिटं मिळणार. भाषण लिहिलं, चारदा खोडलं. नफ्यातला किती टक्के भाग आजवर वाटला, कारखान्यासाठी थोडं कर्ज का नाही काढलं — हे वाक्य लिहून मीच दचकले. कर्ज नाही म्हणून तर ती कंपनी घेतली! खोडलं.

१९ ऑगस्ट

झाली सभा. देवा! लिहिताना अजून कान तापतायत.

अकरा वाजता बसले. झाराने फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून दिला आणि शाळेत गेली. निळा दुपट्टा घेतला. अम्मींना सांगितलं, ऑफिसचं काम आहे. माझं कुठलं ऑफिस हे त्यांनी विचारलं नाही.

माझ्याआधी एक काका बोलले, त्यांनी चेअरमनच्या वडिलांपासून सुरुवात केली आणि शेवटी कारखाना बघायला बस पाठवा म्हणाले. मग एक बाई, त्यांनी स्वतः केलेली कविता म्हटली. मग ऐकू आलं, झरीन होडेकर, रत्नागिरी.

पहिलं वाक्य नीट वाचलं. टक्केवारीपर्यंत आले आणि समोर पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसलं. घामाघूम. कागद खाली ठेवला. पुढे जे बोलले ते असं —

"साहेब, माझा नवरा पंधरा वर्षं परदेशात आहे. त्याला घरी आणता यावं म्हणून मी एकेक करून तुमचे शेअर घेतले. तुम्ही डिव्हिडंड दोन वर्षं पुढे ढकललात. मी माझा माणूस कसा पुढे ढकलू? मला तो आता हवाय."

 कंपनीच्या माणसाने पुढचं नाव घ्यायला सुरुवात केली, तर चेअरमन म्हणाले, थांबा. म्हातारे आहेत. म्हणाले, बाई, तुम्हाला खोटं सांगणार नाही, दोन वर्षं काही देता येणार नाही. त्यानंतर पूर्वीपेक्षा जास्त देता यावं अशी माझी इच्छा आहे, पण तेही वचन नाही. आणि मिस्टरांना माझा नमस्कार सांगा.

राग आला नाही. उलट बरं वाटलं. पण 'मला तो आता हवाय' हे मी शेकडो परक्या लोकांसमोर बोलले! लग्नानंतर एवढ्या वर्षांत हे त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही.

२१ ऑगस्ट

सानिकाचा फोन. कंपनीने सभेचं रेकॉर्डिंग वेबसाइटवर टाकलंय, आणि कोणीतरी त्यातला माझा तेवढाच तुकडा कापून व्हॉट्सॲपवर सोडलाय. तिला तो सावर्ड्याच्या मावसबहिणीकडून आला! अरशदला जेट्टीवर कोणीतरी दाखवला. त्याने फोन केला, पण चिडवलं नाही. नुसतं म्हणाला, ताई, आधी का नाही बोललीस. आणि ठेवून दिला.

कोकणातली गोष्ट ओमानला पोचायला किती वेळ लागतो? मासा बाजारात पोचायच्या आत पोचते.

२२ ऑगस्ट

जुम्मा. नमाजनंतर नासिर दर आठवड्याला फोन करतात. आज केला नाही.

२४ ऑगस्ट

आजही नाही. मी मेसेज केला, तब्येत बरी ना? उत्तर आलं — हो, कामात आहे.

मला वाटतं चिडलेत. घरातली गोष्ट चावडीवर नेली मी. बरोबरच्या लोकांनी चिडवलं असेल. नवऱ्याला पोसायला निघालेली बायको! अम्मींनीही तो व्हिडिओ बघितला, झाराने दाखवला. मला जवळ बसवून डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मी त्याच्या बापाला असं कधी बोललंच नाय गो." त्यांचा नवरा जन्मभर जहाजावर होता. मी त्यांना कधी विचारलंही नव्हतं.

चिडले असतील तर चिडोत. बोललेलं परत घेणार नाही.

२७ ऑगस्ट

सानिकाच्या घरी गणपती. मोदक खाऊन आले. टायरवालीचा डिव्हिडंड जमा झाला, तो पुन्हा शेअरमध्येच घातला. पाच वर्षं तर पाच वर्षं. एकदा सुरू केलंय ते सोडणार नाही.

२९ ऑगस्ट

नासिरचा फोन आला. तो व्हिडिओ त्यांनी बघितलाय. करारावर सही करणार नाहीत. पुढच्या महिन्यात येतायत, कायमचे.

मी वेड्यासारखी हिशोबच सांगत सुटले. अजून दहा हजार कमी पडतायत, रंगवालीचे दोन वर्षं काही येणार नाहीत, तुम्ही घाई करू नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "झरीन, ह्या तीस हजारांत, घरी आल्यावरची माझी कमाई किती धरलीस?"

धरलीच नव्हती. बारा वर्षं, एकदाही.