दोनशे बारा जणांची टोळी

३ मे, शनिवार
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. मीसुद्धा नाही. पण थोर कामाची कुठेतरी नोंद असावी.

थोर काम म्हणजे रानटी टोळी. दर शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर रोलप्लेइंगचा खेळ असतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, फासे टाकतात, लढतात. उरलेलं अख्खं जग मी. डोंगर मी, पाऊस मी, राक्षस मी. याला गेम मास्टर म्हणतात आणि हे येरागबाळ्याचं काम नाही.

आज मंडळी बर्फाळ डोंगराच्या पायथ्याशी पोचली. मेहुण्याने विचारलं, इथे राहतं कोण? म्हटलं, रानटी लोक. किती? म्हटलं, पुष्कळ. त्यावर वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट म्हणाला की पुष्कळ हा काही आकडा नाही. मनाला लागलं. दाढा उपटणाऱ्याने मला आकडे शिकवावेत!

संकल्प: येत्या शनिवारपर्यंत टोळीची लोकसंख्या आणि समाजरचना पूर्ण. अगदी बिनतोड.

४ मे, रविवार
एका बैठकीत टोळी तयार. लोकसंख्या चारशे. सगळे योद्धे.

मला जड गेलं नाही. गोडाऊनमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे, माणसं लावणं माझ्या हाताचा मळ. टोळीप्रमुख एक, उपप्रमुख चार, त्यांच्या हाताखाली मुकादम. पहारा तीन पाळ्यांत. साप्ताहिक सुट्टी आळीपाळीने. मांत्रिकाकडे सेफ्टीचं खातं दिलं.

ही वाळलेले कपडे घेऊन जाता जाता डोकावली. विचारलं, एवढ्यांचा स्वयंपाक कोण करतं? मी लिहून घेतलं: नंतर बघू. मग विचारलं, यात बाया नाहीत, पोरं नाहीत, तर हे चारशे आले कुठून? म्हटलं, डोंगरातून. हसली. हिचं ते हसणं मला आवडत नाही.

५ मे, सोमवार
किरकोळ दुरुस्ती. लोकसंख्या आता दोनशे अकरा.

कन्या येऊन शेजारी बसली. शाळा संपल्यापासून ती मोकळीच आहे. म्हणाली, बाबा, यांना हुद्दे नकोत, चुली द्या. एकोणीस चुली. प्रत्येक चुलीवर सगळ्यात म्हातारी बाई मुख्य. जो ज्या चुलीवर जेवतो तो त्या घरचा, मग जन्म कुठेही झालेला असो. आणि प्रत्येकाची एक वाटी, ती चुलीपाशी ठेवलेली. वाटी आहे म्हणजे माणूस आहे. डोकी मोजायला नकोत, वाट्या मोजायच्या.

मी जवळजवळ हाच विचार करत होतो. माझ्या नावावर लिहून टाकला. टोळीप्रमुख मात्र ठेवला. मधली चूल त्याची.

तिला दुसऱ्या शहरातल्या कुठल्याशा कॉलेजबद्दल काही सांगायचं होतं. म्हटलं, आधी टोळी होऊ दे. मग ती बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसली. टोक आधीच चांगलं होतं.

१० मे, शनिवार
टोळीचं थाटात आगमन. कन्येचं पात्र म्हणजे एक शिकारीण. तिला मधल्या चुलीने आपली म्हणून ठेवून घेतली. लोकसंख्या दोनशे बारा.

सगळ्यांचे आवाज मीच काढले. घसा बसला. मेहुण्याची तक्रार अशी की सगळे माझ्यासारखेच बोलतात, नव्वद वर्षांची म्हातारीसुद्धा 'पॉइंट नोटेड' म्हणते. डेंटिस्ट म्हणाला, एवढ्या वस्तीत प्रमुखाला नाही म्हणणारा एकही कसा नाही? म्हटलं, याला एकी म्हणतात. त्याने बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. दातांचा डॉक्टर!

मग कन्येच्या शिकारिणीने म्हातारीला विचारलं, कोणाला टोळी सोडून जायचं असेल तर? इतकं बारीक लक्ष! मला भरून आलं. जागच्या जागी नियम सुचला. जाणाऱ्याने आपली वाटी चुलीपाशी पालथी घालायची. त्याला कोणी अडवायचं नाही. का म्हणून विचारायचं नाही. खुद्द प्रमुखाने वाटेचं जेवण बांधून द्यायचं आणि नदीपर्यंत पोचवायला जायचं. आणि ती वाटी तशीच राहणार. किती का हिवाळे जाईनात, ज्याने पालथी घातली त्यानेच येऊन सरळ करायची.

मेहुणा स्वतःहून वा म्हणाला. कन्येने दोनदा विचारलं, नक्की कोणी अडवणार नाही? म्हटलं, प्रमुखाचीसुद्धा टाप नाही.

झोप छान लागली.

१२ मे, सोमवार
हिने सांगितलं की कन्येला त्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. नकाशे तयार करण्याचा कोर्स. हॉस्टेल. तीन वर्षं.

म्हटलं, सगळ्या बाजूंनी विचार करू. नकाशे काय, इथे बसूनही काढता येतात. माझ्या टोळीचा नकाशा तिनेच काढलाय, तो याच टेबलावर. ही म्हणाली, ती आठवडाभर तुम्हाला सांगायला बघतेय आणि तुम्ही दर वेळी नवा उपप्रमुख नेमता. अतिशयोक्ती. उपप्रमुख केव्हाच रद्द केलेत.

संकल्प: उद्या कन्येशी शांतपणे बोलणे.

१३ मे
बोललो नाही. गोडाऊनमध्ये मालाची मोजणी होती.

१४ मे
तिच्या खोलीत गेलो. टोळीच्या हिवाळ्याच्या साठ्याबद्दल बोललो. सुकं मांस, सरपण, वगैरे. तिने ऐकून घेतलं. हेही बोलणंच की.

१७ मे, शनिवार
कठीण प्रसंग. पण निभावला.

खेळ रंगात आला होता. कन्या उठली, स्वयंपाकघरात गेली आणि स्वतःची वाटी घेऊन आली. स्टीलची, काठाला पोचा आलेली. ती दोन वर्षांची असताना तिने गॅलरीतून खाली टाकली होती, तेव्हाचा पोचा. ती वाटी तिने टेबलावर पालथी घातली. म्हणाली, माझी शिकारीण निघाली.

मी म्हटलं, हिमवादळ. ती म्हणाली, थांबते. वादळ तरी किती चालवणार, ओसरलं. मग नदीला पूर. ती म्हणाली, होडी करू. मेहुण्याचं पात्र सुतार, तो कुऱ्हाड घेऊन तयारच. म्हटलं, इथली झाडं पवित्र आहेत. डेंटिस्टने विचारलं, कधीपासून? म्हटलं, आजपासून. मग चाळीस लांडगे सोडले. तिने फासा टाकला. वीस. वीसच्या वर फाशात आकडाच नसतो. मी आणखी चाळीस लांडगे सोडले.

डेंटिस्ट खुर्ची मागे सारून उठला. म्हणाला, अहो, नियम तुमचाच होता ना? मेहुणा हळूच म्हणाला, भाऊजी, जाऊ द्या तिला. त्याचा सुताराचा आवाज वेगळा आहे, जरा घोगरा. हा तो नव्हता.

कन्येने वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

म्हणजे राहिली. लोकसंख्या दोनशे बारा, कायम.

२४ मे, शनिवार
कोणी आलं नाही. डेंटिस्टकडे म्हणे पेशंट. मेहुण्याची पाठ धरली. कन्या मैत्रिणीकडे.

एकट्यानेच खेळ घेतला. फार सुरळीत झाला. प्रमुखाने प्रस्ताव मांडला, दोनशे बारा जण हो म्हणाले, वीस मिनिटांत सगळं आटोपलं. इतक्या वर्षांत एवढी शिस्त पाहिली नव्हती.

उरलेला वेळ टेबलाशी बसून होतो.

२ जून, सोमवार
हॉस्टेलच्या कागदांवर हिने सही केली. पालकांपैकी एकाची पुरते म्हणे. मी आपला पेन खिशात घेऊन नाही म्हणायच्या तयारीत बसलो होतो. कोणी विचारलंच नाही.

निषेध म्हणून संध्याकाळचा चहा घेतला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून नंतर घेतला.

७ जून, शनिवार
हॉलमध्ये निळी बॅग उघडी पडलेली असते. मी तिची दखल घेतलेली नाही. पायाला दोनदा लागली.

खेळ नाही. विचारलंही नाही कोणाला.

१२ जून, गुरुवार
कन्या स्वतःहून आली. मी टोळीचा नकाशा बघत होतो. म्हणाली, बाबा, शनिवारी सकाळी सातची बस आहे, स्टँडवर याल ना? म्हटलं, शिफ्ट बघून सांगतो. ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, नदीपर्यंत हो, फक्त. हसत म्हणाली. पण डोळे हसत नव्हते.

शनिवारी मला शिफ्ट नसते. तिला ते माहीत आहे.

संकल्प: जाणे. जाणेच. काय बोलायचं तेही ठरवलं. एक, तब्येत सांभाळ. दोन, रोज फोन कर. तीन, नकाशे चांगले काढतेस. तिसरा मुद्दा आरशासमोर म्हणून पाहिला. नीट जमत नाही. उद्या पुन्हा.

१४ जून, शनिवार, सकाळी पाच
अंघोळ झाली. इस्त्रीचा शर्ट. काल संध्याकाळीच वाटेचं जेवण डब्यात बांधून घ्यायचं ठरवलं होतं, ते आता हिच्याकडून करून घेतो. ही उठून कधीच करून बसलीय. ठीक. मग मी पाण्याची बाटली भरतो.

साडेसहा
बाटली भरली. सगळे तयार होतायत. तेवढ्यात पाच मिनिटं गोडाऊनला जाऊन येतो. सकाळचा माणूस कधीकधी दांडी मारतो. तिथून थेट स्टँड गाठेन, रस्त्यातच आहे.

आठ, गोडाऊन
सकाळचा माणूस वेळेवर आला होता. मला बघून दचकला, म्हणाला, साहेब, आज तर तुमची सुट्टी. म्हटलं, ट्रकची सिलं तपासायची आहेत. तपासली. सगळी ठीक. पुन्हा तपासली. बाटली माझ्याच हातात राहिली.

आठ वाजले. सातची बस केव्हाच गेली असणार. आता जाऊन काय उपयोग? कामच तसं निघालं, त्याला माझा इलाज नव्हता.

संध्याकाळी
ही सकाळी दहा वाजता एकटी परत आली. चप्पल काढता काढता सांगितलं की सातची बस कन्येने सोडली. पुढची साडेआठची होती. म्हणाली, बाबा येतील, थांबू. दोघी स्टँडवरच्या बाकावर बसून होत्या, रस्त्याकडे तोंड करून. साडेआठला गेली.

म्हणजे आठ वाजता होती. गोडाऊनपासून स्टँड चालत दहा मिनिटं.

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. ओट्यावर तिची वाटी, पालथी. यात विशेष काही नाही. घासलेली भांडी पालथीच घालतात, पाणी निथळायला. हात लावून पाहिला. कोरडी. उकाडा आहे, लगेच वाळतात. बाकीची भांडी जागच्या जागी लावलेली होती, ही एकटीच बाहेर होती.

संकल्प: नवी टोळी. या लोकांकडे वाट्या नसतील. हातावर घेऊन खातील. उद्याच सुरुवात.

ही ओटा पुसायला आली आणि तिने वाटी उचलायला हात पुढे केला. म्हटलं, राहू दे तिथे. का म्हणून तिने विचारलं नाही. तिला नियम माहीत होता. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं, म्हणाली, आणि वाटीच्या कडेकडेने ओटा पुसून गेली.

रात्री टोळीचे सगळे नियम पुन्हा वाचले. प्रमुख नदीपर्यंत गेलाच नाही तर काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. असं होऊ शकेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उरलेल्या दोनशे अकरा जणांना विचारून पाहिलं. आज पहिल्यांदाच कोणी काही बोललं नाही.