कोणत्याच कुळाचा नसलेला वाघ

बुसोंगा प्राणिसंग्रहालय,
३ नोव्हेंबर १९९६

ती. आत्यास प्रोसीचा गुडघे टेकून शि. सा. न. वि. वि.

तिघे दारात उभे आहेत आणि घर एकच आहे, तर आत कोणाला घ्यायचं? आत्या, याचं उत्तर मला माहीत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला गावभर मिरवलंत, आणि नेमकं एवढंच पुस्तकात नव्हतं.

आमचे म्हातारे सिंह गेल्या वर्षी वारले. त्यांचं झाड-तळ्यासह मोठं आवार रिकामं आहे. तिथे कोणता मोठा शिकारी प्राणी ठेवायचा याची योजना मी लिहायची आणि आम्हा पाच जणांच्या समितीने मत द्यायचं. संचालक एरिसासाहेबांना सिंहाची जोडी मिळू शकते. एक परदेशी सर्कस दोन पट्टेरी वाघ फुकट द्यायला निघाली आहे. तिसरा इथेच आहे. रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत पुढचा एक पंजा गमावलेला बिबट्या. रानात सोडला तर उपाशी मरेल. चार महिने तो दवाखान्यामागच्या पिंजऱ्यात आहे, आणि तिथे कूस बदलायची तर त्याला आधी विचार करावा लागतो.

माझ्या मते घर त्याचं. पण आपलं कुळ बिबट्याचं, म्हणजे तो नात्याने भाऊच. मी कागदाला पेन लावायच्या आत कार्यालयात बातमी पसरली, की बिबट्याची लेक भावाला बंगला देणार. साहेब स्वतः सिंह कुळाचे, ते नुसते हसले. ते हसणं मला लागलं. मी इथे नातीगोती सांभाळायला आलेले नाही.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची प्रोसी


कितुंगा,
९ नोव्हेंबर

चि. प्रोसीस अ. उ. आ.

पत्र मिळालं. टॅक्सीवाल्याने ते केळ्यांच्या घडाखाली आणलं, त्यामुळे दुसरं पान चिकट झालंय. तिथे तू काही शहाणपणाचं लिहिलं असशील तर ते माझ्यापर्यंत पोचलेलं नाही.

कुळाच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, की एवढी शिकलेली पोर एका लंगड्या भावाला खोली देऊ शकत नाही का. मी म्हटलं, शिकली आहे म्हणूनच. एक जण तर कोंबडा काखेत घेऊन तुझ्या साहेबांना भेटायला निघाला होता. त्याला सांगितलं, की सिंहाचं एका कोंबड्याने भागत नाही, घरी बस.

जे खरं वाटतं ते लिही आणि वेळेवर जेव. सोबत तळलेले टोळ पाठवते. कार्यालयात वाटू नकोस, तुमच्या हिशेबनिसाचं देवक टोळाचं, तो बिचारा तोंड फिरवून बसेल. तुला सांगून आलेल्या त्या शिक्षक मुलाचं काय ते कळव. पाणघोड्याच्या कुळातला आहे, पण अंगाने तसा नाही.

आठवण ठेव, नाहीतर मी स्वतः येईन.
तुझी आत्या, स्पेसिओझा


बुसोंगा,
१८ नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सभा झाली. इतकी सज्जन सभा मी आजवर पाहिली नव्हती.

आधी साहेब उठले. म्हणाले, की मी सिंह कुळाचा, तेव्हा सिंहाला मत देणं मला शोभत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्यासमोर चौदा पानं होती आणि चौदाही पानं बिबट्याची होती. मी ती उलटी ठेवली आणि सांगितलं, की मीही माझ्या कुळाला मत देणार नाही. टाळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, की माझी आई बिबट्या कुळाची, मीही त्याच्यातून अंग काढून घेतो. हिशेबनीस टोळांचे, पण बायको सिंहांची, म्हणून सिंह त्यांना चालेना. पाचव्या सदस्य एक बाई, त्यांचा जावई बिबट्या कुळाचा निघाला.

सगळ्यांना चालेल असा उरला वाघ. वाघ आपल्याकडे कोणाचाच काका-मामा नाही, त्यामुळे तो पाचही मतांनी निवडून आला. त्याच्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही, हाच त्याचा मोठा गुण ठरला.

साहेबांनी माझी पाठ थोपटली, देशाला अशीच निःपक्षपाती मुलं हवीत म्हणाले. मग दुसरा ठराव वाचला. वाघ दोन डिसेंबरला येणार. दवाखान्यामागची जागा त्यांच्या खाण्याचं मांस ठेवायला लागणार. तेव्हा डॉक्टरांनी तीस तारखेला बिबट्याला सुई देऊन झोपवावं, कायमचं. त्यावरही टाळ्या पडल्या, जरा हळू.

मी कुठे चुकले ते मला कळत नाही. मी तर प्रामाणिक राहिले.

लोभ आहेच, थोडा धीरही पाठवा.
प्रोसी


कितुंगा,
२३ नोव्हेंबर

चि. प्रोसीस अ. उ. आ.

कुठे चुकलीस ते सांगते, त्याला पदवी लागत नाही. आपल्यात लग्नाला आपलं कुळ चालत नाही, आईचं चालत नाही. हा नियम नवरा निवडायचा आहे. तुम्ही पाच शहाण्यांनी तो पिंजऱ्याला लावलात. कोणी तुम्हाला त्या बिबट्याशी संसार थाटायला सांगितलं नव्हतं गं, खोली द्यायला सांगितलं होतं.

प्रामाणिक राहिले म्हणतेस. तू प्रामाणिक दिसलीस. लोक काय म्हणतील म्हणून खोटं बोललीस आणि वर टाळ्या घेतल्यास. तुझ्या टाळ्यांपायी आता मरायचं त्या लंगड्याने. मी पंचवीस वर्षं कुळाच्या बैठकीला बसते. तिथे आधी सांगायचं असतं, की हा माझा पुतण्या आहे, आणि मग सांगायचं, की चोर हाच आहे. दोन्ही खरं असतं. तुझ्या बापाला हे कळायला वेळ लागला, तुलाही लागतोय, घराण्याचा गुण आहे.

वडीलधाऱ्यांना सुईचं सांगितलेलं नाही. कळलं तर ते कोंबडा न घेता येतील. पाणघोडावाल्यांना थांबवलंय, पोरगी सध्या वाघांच्या स्वागतात गुंतली आहे म्हणून.

जीव आहे तुझ्यावर, नाहीतर इतकी शाई कोण घालवतं.
आत्या


बुसोंगा,
२९ नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा उभी राहून.

काल मी साहेबांकडे गेले आणि मला मत बदलायचं आहे म्हणाले. त्यांनी समजावलं, की इतकं चांगलं नाव झालंय ते का घालवतेस. मग दार लोटून हळूच कबूल केलं, की मनातून त्यांनाही बिबट्याच पटला होता. पण सिंहाने बिबट्याची बाजू घेतली तर लोकांना आत काहीतरी शिजतंय असं वाटलं असतं. डॉक्टरांनाही जाऊन विचारलं. त्यांचंही तेच. म्हणजे पाचात आम्ही तिघे बिबट्याचे होतो, आणि तिघांनीही हात वाघासाठी वर केला.

मग मी नियमावली काढून बसले. ती इथे कोणी वाचत नाही, कारण सगळ्यांना ती पाठ आहे असं सगळेच म्हणतात. समितीचं मत हा नुसता सल्ला, प्राणी आवारात घ्यायला निवास अधिकाऱ्याची एक सही पुरते. तिथून तो काढायला, गाडीत घालून असो की सुई देऊन, समितीच्या पाचही सह्या लागतात. निवास अधिकारी मीच आहे. नेमणूक झाल्यापासून मी फक्त झाडूच्या मागणीवर सह्या केल्या होत्या.

आज सकाळी रखवालदार लॉरेन्टी आणि मी पिंजरा गाडीवरून आवाराच्या दाराशी नेला. दार उघडलं तरी तो बराच वेळ आतच बसून. लॉरेन्टी म्हणाला, बाईंच्याच नात्यातला दिसतो, आधी चार जणांचं मत घेतोय. मग उतरला, लंगडत झाडापाशी गेला, बुंधा हुंगला आणि पहिल्या फांदीवर चढला. चढता येणार नाही असं मी योजनेत ठासून लिहिलं होतं. ते पान बदलावं लागेल.

नोकरी राहते की नाही ते कळेलच. राहिली नाही तर माझं अंथरूण तुमच्याकडे. त्या शिक्षकाला एवढंच सांगा, की मला प्राण्यांची कागदपत्रं आधी संपवायची आहेत. माया कमी करू नका आणि रागावणंही सोडू नका.

आवारात घेण्याच्या कागदावर मी सही केली आहे. पदाच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं, कुळ बिबट्या. त्याखाली लिहिलं, की सभेत मी खोटं मत दिलं, खरं मत हे आहे, आणि याला बाहेर काढायच्या कागदावर पाचवी सही मिळणार नाही. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, दुसरी फाटकावरच्या फलकाला खिळा ठोकून लावली.

तुमची प्रोसी